एक आवाज, आठ स्पीकर : कोणता माल कोणत्या गाळ्यावर?

मंडप, रोषणाई आणि लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. बापाने दोन कर्णे आणि एक आम्प्लिफायर घेऊन सुरू केलेली पेढी मुलाने मोठ्या स्पीकरपर्यंत आणली, अशी उदाहरणे प्रत्येक शहरात सापडतील. परंतु आता गिऱ्हाईक बदलले आहे. नाटकवाले, प्रदर्शन भरवणारे, कंपन्यांचे जलसे करणारे विचारतात, "पाऊस चारही बाजूंनी ऐकू आला पाहिजे, घोड्यांच्या टापा डावीकडून उजवीकडे गेल्या पाहिजेत, जमेल का?" माल आपल्याकडे असतो, स्पीकर असतात, माणसे असतात. तरीही "जमेल" म्हणण्याची हिंमत होत नाही आणि काम दुसऱ्याकडे जाते. जे अडते ते फार अवघड नाही. आम्ही कापडवाले, म्हणून कापडाच्या भाषेतच सांगतो.

चॅनेल म्हणजे काय?

एका माइकचा आवाज ही एक गठाण समजा. तिला एक चॅनेल म्हणतात. गाण्याच्या साध्या रेकॉर्डिंगमध्ये डावी आणि उजवी अशा दोन गठाणी असतात. त्याला स्टिरिओ म्हणतात. इंग्लंडमधील इंजिनीअर ॲलन ब्लमलाइन यांनी या पद्धतीचे पेटंट १९३१ साली मागितले. १९४० साली डिस्नेच्या 'फँटेशिया' चित्रपटासाठी सिनेमागृहात पडद्यामागे आणि प्रेक्षकांच्या बाजूला वेगवेगळे स्पीकर लावले गेले. आपल्याकडे १९७५ साली 'शोले'च्या ७० मिलिमीटर प्रतीतील स्टिरिओफोनिक आवाज ऐकायला लोक मुद्दाम थिएटरात गेले. म्हणजे कल्पना जुनीच आहे. नवे एवढेच की जे काम पूर्वी खोलीभर यंत्रे करीत, ते आता एक लॅपटॉप करतो.

आजच्या एका ध्वनिफाइलमध्ये दोनच नव्हे, सहा, आठ किंवा त्याहून अधिक चॅनेल एकत्र बांधलेले असू शकतात. मात्र वजनाचा हिशेब ठेवावा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाचे एक चॅनेल मिनिटाला सुमारे साडेआठ मेगाबाइट जागा घेते. आठ चॅनेलची दहा मिनिटांची फाइल सातशे मेगाबाइटच्या आसपास जाते. कॉम्प्युटरची डिस्क मंद असेल तर कार्यक्रमात आवाज अडखळतो.

माल तीन टप्प्यांत जातो

रंगमंचाच्या कामासाठी क्यूलॅब नावाचे सॉफ्टवेअर फार वापरले जाते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील फिगर ५३ या कंपनीने ते २००६ साली आणले. ते फक्त ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर चालते. विंडोजवाल्यांसाठी दुसरी सॉफ्टवेअर आहेत, पण तत्त्व सगळीकडे एकच. या सॉफ्टवेअरमध्ये कार्यक्रमातील प्रत्येक आवाज एका ओळीत मांडलेला असतो. त्या ओळीला क्यू म्हणतात. बटण दाबले की क्यू सुरू होतो.

आवाज फाइलमधून निघून स्पीकरपर्यंत कसा पोहोचतो, ते नीट पाहावे. पहिला टप्पा म्हणजे फाइलमधील चॅनेल. दुसरा टप्पा म्हणजे क्यूचे आउटपुट. याला आपण नाव देऊ शकतो, उदाहरणार्थ 'समोर डावा', 'मागे उजवा', 'रंगमंचावरचा रेडिओ'. तिसरा टप्पा म्हणजे बाहेरच्या यंत्रावरची खरी भोके, ज्यांना ऑडिओ इंटरफेसचे आउटपुट म्हणतात. तिथून वायर मिक्सर, आम्प्लिफायर आणि शेवटी स्पीकरकडे जाते.

आता कापडाच्या बाजाराचा दाखला घ्या. बिलावर आपण गिऱ्हाईकाच्या पेढीचे नाव लिहितो. ती पेढी कोणत्या गाळ्यात बसते, हे वेगळ्या वहीत असते. उद्या पेढीने गाळा बदलला, तर आपण जुनी सगळी बिले फाडून नवी लिहीत नाही. वहीतला एक पत्ता बदलतो. क्यूचे आउटपुट म्हणजे पेढीचे नाव आणि यंत्राचे आउटपुट म्हणजे गाळ्याचा नंबर. या दोघांना जोडणाऱ्या वहीला सॉफ्टवेअरमध्ये पॅच म्हणतात.

नवशिके इथेच फसतात. ते प्रत्येक क्यूमध्ये थेट नंबर पाहून आवाज सोडतात. नाटकात शंभर क्यू असतील आणि दुसऱ्या गावच्या नाट्यगृहात मागचा स्पीकर तीन नंबरऐवजी सात नंबरवर जोडावा लागला, तर शंभर ठिकाणी दुरुस्ती करावी लागते आणि वेळ असतो अर्धा तास. ज्याने नावाने माल सोडला, तो पॅचमध्ये एक जोड बदलतो आणि चहा प्यायला मोकळा होतो. ज्या पेढीला गावोगाव फिरायचे आहे, तिने ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

ताणा-बाण्याचा कागद

कोणता चॅनेल किती जोराने कुठे जाणार, हे ठरवण्यासाठी क्यूमध्ये एक तक्ता असतो. त्याला मॅट्रिक्स म्हणतात. ज्याने मागावर डिझाइनचा चौकटीचा कागद पाहिला आहे, त्याला तो लगेच ओळखू येईल. आडव्या ओळी म्हणजे फाइलचे चॅनेल, उभ्या ओळी म्हणजे आउटपुट. जिथे आडवी आणि उभी ओळ छेदतात, त्या घरात आकडा भरायचा. घर कोरे असेल तर त्या वाटेने आवाज जात नाही. शून्य लिहिले तर आवाज आहे तसा पूर्ण जातो. इथे शून्य म्हणजे 'काही नाही' असा अर्थ नाही, हे शागिर्दाला आधी समजावून सांगावे.

आकडे डेसिबलमध्ये असतात. वजा ६ लिहिले की विजेच्या संदेशाची उंची जवळजवळ निम्मी होते. हा आकडा पाठ करावा, कारण त्याचा रोज उपयोग पडतो. डाव्या आणि उजव्या चॅनेलमध्ये सारखाच आवाज असेल आणि दोन्ही एकाच स्पीकरकडे सोडले, तर बेरीज ६ डेसिबलने वाढते आणि आवाज फाटू शकतो. अशा वेळी दोन्ही घरांत वजा ६ भरावे.

टापांचा आवाज डावीकडून उजवीकडे न्यायचा असेल तर फेड नावाचा वेगळा क्यू लावतात. तो ठरलेल्या सेकंदांत पहिल्या घरातला आकडा खाली आणतो आणि दुसऱ्या घरातला वर नेतो. हाताने बटण सरकवण्याची गरज राहत नाही आणि रोजच्या प्रयोगात काम सारखे होते.

रुंद मंडपात आणखी एक खबरदारी घ्यावी. डाव्या टोकाला बसलेल्याला उजवा स्पीकर ऐकू येत नाही. म्हणून पाऊस, वारा, टापा यांना दिशा द्यावी, पण निवेदन आणि भाषण सर्व स्पीकरांकडे सोडावे.

क्रमाची फसगत

सहा चॅनेलच्या फाइलमध्ये पाच स्पीकर आणि एक खर्जाचा डबा असा हिशेब असतो. पण गठाणींचा क्रम दोन प्रकारचा आढळतो. एका प्रकारात डावा, उजवा, मधला, खर्ज, मागे डावा, मागे उजवा असा क्रम येतो. दुसऱ्यात, म्हणजे सिनेमावाल्यांच्या क्रमात, डावा, मधला, उजवा, मागे डावा, मागे उजवा, खर्ज असा. दुसऱ्या क्रमाची फाइल पहिल्या क्रमाच्या जोडणीवर वाजवली तर संवाद उजवीकडून येतात आणि खर्ज मागच्या छोट्या स्पीकरमध्ये घुसतो. आवाज मोठा असेल तर त्या स्पीकरचा पडदा फाटायला वेळ लागत नाही. म्हणून फाइल हाती घेताना पाठवणाऱ्याला क्रम लेखी विचारावा आणि पहिली चाचणी हळू आवाजात करावी.

लांबच्या स्पीकरला थांबवावे लागते

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तर वायरमधला संदेश क्षणात पोहोचतो. समजा मुख्य स्पीकरपासून ३० मीटर मागे दुसरा स्पीकर लावला. तिथे बसलेल्याला जवळचा आवाज आधी आणि समोरचा सुमारे ८७ मिलिसेकंदांनी नंतर ऐकू येतो. शब्द दुहेरी होतो. उपाय असा की मागच्या स्पीकरला तेवढे थांबवावे आणि वर दहा-पंधरा मिलिसेकंद जास्त द्यावे. मग आवाज समोरून येतो असेच कानाला वाटते. जर्मनीतील हेल्मुट हास यांनी १९४९ साली कानाच्या या गुणाचा अभ्यास मांडला. हा विलंब बहुधा मिक्सर किंवा स्पीकरच्या प्रोसेसरमध्ये लावतात, परंतु त्यासाठी मागच्या स्पीकरला स्वतंत्र आउटपुट दिलेले असले पाहिजे.

याचा कायद्याशीही संबंध आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो बंद ठेवावा लागतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. ४ मीटरवरून ३२ मीटरवर जाता जाता १८ डेसिबल गेले. मागच्यासाठी समोरचाच स्पीकर वाढवत गेलात तर पुढच्यांचे कान बसतात आणि शेजारची वस्ती तक्रार करते. १० डेसिबल वाढवायला दहापट वीजशक्ती लागते, हेही विसरू नये. त्याऐवजी छोटे चार स्पीकर जागोजाग लावून प्रत्येकाला मापात माल द्यावा. सगळ्यांना ऐकू येते आणि जप्तीची भीती बरीच कमी होते.

भांडवल आणि रोजची शिस्त

क्यूलॅब फुकटही उतरवून घेता येते, पण तेव्हा फक्त दोन आउटपुट मिळतात. मॅट्रिक्स, पॅच आणि फेड शिकायला तेवढे पुरे. अधिक आउटपुटसाठी परवाना लागतो आणि तो दिवसाच्या भाड्यानेही मिळतो. त्यामुळे काम हाती आल्यावर खर्च करता येतो. आठ आउटपुटचा इंटरफेस सुरुवातीला पुरतो. मोठ्या कामात दांते नावाच्या पद्धतीने एकाच नेटवर्क केबलमधून अनेक चॅनेल नेतात. तिच्या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमधून ६४ चॅनेल बाहेर पाठवता येतात.

कामाच्या दिवशी हा क्रम ठेवावा. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना एकच नाव चिकटवावे. आपल्याच आवाजात 'समोर डावा', 'मागे उजवा' असे बोलून आठ तुकडे रेकॉर्ड करावे आणि एकेक तुकडा त्या त्या आउटपुटला सोडावा. ज्या नावाचा पुकारा त्याच स्पीकरमधून आला की जोडणी बरोबर. आम्प्लिफायर सर्वांत शेवटी सुरू करावे आणि सर्वांत आधी बंद करावे, म्हणजे धक्क्याने स्पीकर जळत नाहीत. कार्यक्रम दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेताना नुसती क्यूंची यादी नेऊ नये. ध्वनिफाइली वेगळ्या असतात, त्या सोबत न्याव्यात, नाहीतर ऐन वेळी क्यू रिकामा निघतो. आणि पॅचचा तक्ता कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून लावावा. ज्या कारागिराला सॉफ्टवेअर येत नाही, तोही तो कागद पाहून वायरी बिनचूक जोडू शकेल.