राग, जाझ आणि यंत्र

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जयसिंगपूर मागे पडले की थोड्याच वेळात मिरज येते. तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. त्याच सुमारास विद्युत् तंबोरा मात्र घरोघरच्या रियाझात केव्हाच रूढ होऊन गेलेला होता. यंत्राने स्वर पुरविला म्हणजे संगीतही पुरविले असे म्हणता येईल काय, हा प्रश्न म्हणूनच या परिसरातील अभ्यासकास परका नाही. त्याचा विचार करण्यास १९८२ साली मुंबईत निघालेली एक ध्वनिमुद्रिका विशेष उपयोगी पडते.

चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ती ध्वनिमुद्रिका होय. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन आदींच्या वाद्यवृंदांत वादन केलेल्या या कलावंताने येथे तीन जपानी यंत्रे योजली. टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे खर्जाची स्वरावली पुन्हा पुन्हा वाजविणारे यंत्र आणि ज्युपिटर-८ हा हातांनी वाजवावयाचा सिंथेसायझर. या साधनांवर ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस इत्यादी दहा राग सादर केले आहेत.

या प्रयोगाचे पूर्वसूत्र जाझमध्ये सापडते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोमंतकीय वादकांनी पाश्चात्य स्वरलेखनाचे ज्ञान व जाझची वादनरीती आणली. १९६८ साली शंकर-जयकिशन यांची ‘रागा जाझ स्टाइल’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तीत रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरा यांचा ट्रम्पेट व लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम एकत्र आले. तोडी, मालकंस, कलावती आणि बैरागी हे चार राग दोन्ही ध्वनिमुद्रिकांत असल्यामुळे तुलनेस चांगला आधार मिळतो. दोहोंची रचनाही मूलतः एकच आहे : खाली ठेका व खर्जाची आवर्तने, वर एका वाद्याचा मुक्त विस्तार. १९६८ साली खालचा भाग माणसे वाजवीत होती, १९८२ साली तो यंत्रांकडे गेला. भेद एवढाच असला, तरी त्याचे परिणाम दूरगामी आहेत.

प्रथम स्वरांचा विचार करू. या यंत्रांचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. त्यामुळे यंत्रातील शुद्ध गांधार तंबोऱ्याच्या नादातून उमटणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा लागतो. तोडीच्या अतिकोमल गांधारास तर या विभागणीत जागाच नाही. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे आणि प्रथमश्रवणी ती मींडेसारखी भासते. परंतु त्या घसरणीस लागणारा काळ यंत्राने ठरविलेला असतो. मींडेत कोठे रेंगाळावे हे वादक ठरवितो, आणि रागाचा भाव बहुतांशी त्या निर्णयातच वसतो.

भूपाळीच्या उदाहरणाने हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर भूपाळीत आहेत आणि देसकारातही आहेत. पहिल्यात गांधार वादी असून पूर्वांग प्रबळ, दुसऱ्यात धैवत वादी असून उत्तरांग प्रबळ. यंत्राला केवळ स्वरावली पुरविली तर तिच्यापुरते हे दोन राग वेगळे राहत नाहीत. त्यांस वेगळे करतो तो सिंथेसायझरवर फिरणारा माणसाचा हात. या ध्वनिमुद्रिकेत जेवढा राग टिकला आहे, तेवढा त्या हातामुळेच टिकला आहे.

तालाच्या बाबतीत एक फसवे साम्य आढळते. टीबी-३०३ ची स्वरावली सोळा पायऱ्यांची असते आणि त्रितालाच्या मात्राही सोळाच. परंतु यंत्राच्या सोळा पायऱ्या म्हणजे चार ठोक्यांच्या एका मापाचे सोळा समान तुकडे होत. त्यांत ना खाली, ना समेची ओढ. शिवाय तबलजी गायकाची तान ऐकून ठेका सावरतो, भरतो, प्रसंगी मोकळा सोडतो. गोदिन्हो यांच्यासारखा जाझचा ड्रमवादकही हेच करतो. टीआर-८०८ कोणाचे ऐकत नाही. तेव्हा येथे उणीव जाणवते ती स्वरांपेक्षा संगतीची, आणि संगत म्हणजे मूलतः श्रवण.

ही ध्वनिमुद्रिका त्या काळी फारशी खपली नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या फ्यूचर या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ निघाली आणि टीबी-३०३ च्या नादावर ‘अ‍ॅसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार उभा राहिला. २०१० साली नेदरलँड्समध्ये चरणजित सिंग यांची ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रकाशित होताच तिला त्या प्रकाराची पूर्वसूरी ठरविण्यात आले. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले, तत्पूर्वी उतारवयात त्यांना परदेशी श्रोत्यांची दाद लाभली. हा गौरव यथायोग्य असला तरी पूर्वसूरीपणाचा निकष अपुरा आहे. शिकागोच्या वादकांनी ही मुद्रिका ऐकून आपला प्रकार घडविला असे नव्हे. एकाच यंत्रापासून दोन स्वतंत्र वाटा निघाल्या, आणि मुंबईची वाट समजून घेण्यास राग, जाझ व चित्रपटसंगीत यांचाच इतिहास पाहिला पाहिजे.

त्या इतिहासाची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. पुढील दोन दशकांत चित्रपटसंगीतात यंत्रांचा वापर वाढत गेला, मोठे वाद्यवृंद आक्रसले व अनेक वादकांचे काम गेले. एका वादकाने कुतूहलाने केलेला प्रयोग पुढे व्यवसायाची काटकसर बनला. याचा दोष प्रयोगास देणे अन्यायाचे होईल. मात्र ‘यंत्रावर राग वाजतो काय’ एवढेच विचारून अभ्यासकाने थांबू नये. वाजविणाऱ्याचे ऐकणारा दुसरा वादक तेथे उरला आहे काय, हेही त्याने विचारावे. तंबोरा विद्युत् असो वा मिरजेच्या भोपळ्याचा, मैफलीचे अंतिम माप तेच आहे.