दोन सरासऱ्यांमधील अंतर

बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्या काळी स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना बुद्धी कमी असते, असे ठामपणे सांगितले जाई. त्यामागे मोजमाप नव्हते. केवळ रूढी होती. आज तीच समजूत आकड्यांचा वेश घेऊन येते : ‘त्या शाळेची सरासरी ६२, तुमच्या वसतिगृहाची ५८, म्हणजे तुमची मुले मागेच.’ अशा विधानावर रागावण्यापेक्षा ते तपासावे कसे, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असले पाहिजे.

समजा, दोन्हीकडील दहा-दहा विद्यार्थी निवडले आणि त्यांच्या सरासऱ्यांत ४ गुणांचा फरक आढळला. हा फरक खरा की निवडीचा योगायोग? उत्तर केवळ ४ या आकड्यात नाही. प्रत्येक गटातील गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत आणि विद्यार्थी किती आहेत, हेही पाहावे लागते. विखुरण्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. ते दोन्ही गटांत १२ असेल, तर फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे ५.४ येते. ४ ला ५.४ ने भागले की ०.७४ मिळते. हेच ‘टी’चे मूल्य. दहा-दहांच्या गटांसाठी कोष्टकातील मर्यादा २.१० आहे, म्हणून या फरकावरून काहीही सिद्ध होत नाही. विचलन १२ ऐवजी ३ असते, तर ‘टी’ जवळजवळ ३ आला असता आणि तोच ४ गुणांचा फरक सार्थक ठरला असता.

ही रीत विल्यम गॉसेट यांच्यामुळे मिळाली. डब्लिनच्या गिनेस कारखान्यात काम करताना मोजक्या नमुन्यांवरून निर्णय घेण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे होता. १९०८ साली त्यांनी आपला निबंध ‘स्टुडंट’, म्हणजे ‘विद्यार्थी’, या टोपणनावाने प्रसिद्ध केला. पुढे रोनाल्ड फिशर यांनी ती पद्धत दोन गटांच्या तुलनेपर्यंत नेली.

मात्र चाचणीची मर्यादाही ओळखावी. ‘सार्थक’ याचा अर्थ एवढाच की, प्रत्यक्षात फरक नसता तर इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने शंभरात पाचांहून कमी वेळा दिसला असता. फरक का पडला, हे चाचणी सांगत नाही. एका गटाला शिकवणी आणि घरी स्वतंत्र खोली, दुसऱ्याला सुट्टीत शेतमजुरी, असे असेल तर सार्थक फरकही बुद्धीचा पुरावा ठरत नाही. शिवाय ५८ सरासरीच्या गटातही ८० गुणांचा विद्यार्थी असू शकतो. सरासरी कोणाही एकाचे भविष्य सांगत नाही.

१९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मानवमितीतील नासिका-निर्देशांकाचे आकडे समोर ठेवून, अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे ही समजूत खोडून काढली. तिथे टी-चाचणी नव्हती. पण शिस्त तीच होती. गटागटांत भेद आहे असे कोणी म्हणाले, तर मोजमाप मागावे आणि त्यातून निघतो तेवढाच निष्कर्ष स्वीकारावा.

विद्यार्थी मित्रहो, यापुढे कोणी दोन सरासऱ्या तुमच्यासमोर ठेवल्या, तर तीन प्रश्न अवश्य विचारा : किती जणांची? किती विखुरलेली? आणि दोन्ही गटांची परिस्थिती सारखी होती काय?