पाणी पेटतं का?

पाण्याला आग लागते का? वर्गात विचारून पाहा, सगळे खो खो हसतील. पण 14 एप्रिलला इंदूरहून महूला जा आणि कान उघडे ठेवा. महू म्हणजे कागदोपत्री डॉ. आंबेडकर नगर. 1891 साली याच दिवशी बाबासाहेबांचा, म्हणजे भीमराव आंबेडकरांचा, जन्म तिथल्या लष्करी छावणीत झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. जयंतीला महाराष्ट्रातून माणसांचे लोंढे येतात आणि आपल्याबरोबर गाणीही आणतात. ढोलकी, पेटी, पुढे एक गायक आणि मागे कोरस. या भीमगीतांत एक गोष्ट हमखास भेटते: बाबासाहेबांनी पाण्याला आग लावली! गाणी मराठीत, त्यामुळे अर्थ विचारायला हिंदी बोलणारे दोस्त आपल्याकडेच वळणार. "यार, पानी में आग?" मग काय सांगाल?

आधी विज्ञानाचं उत्तर. पाणी पेटत नाही, कारण ते आधीच जळून झालेलं असतं! हायड्रोजन हा वायू भडकन पेटतो. जळताना तो हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि तयार होतं पाणी. 2 ग्रॅम हायड्रोजन, 16 ग्रॅम ऑक्सिजन, झालं 18 ग्रॅम पाणी. 1783 साली पॅरिसमध्ये लाव्हाझिए या शास्त्रज्ञाने हे करून दाखवलं, तेव्हा भलेभले चाट पडले. चुलीतली राख पुन्हा पेटवता येते का? नाही ना? पाणी ही हायड्रोजनची राखच समजा. म्हणून तर बंब आगीवर पाणी मारतो.

मग गाणं लिहिणारे चुकले का? मुळीच नाही. त्यांना पाणी काय असतं हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. कसं, ते ऐका.

लहान भीमराव सातारच्या शाळेत शिकत होते. तहान लागली तर इतर मुलं नळ सोडून पाणी प्यायची. भीमरावांना नळाला हात लावायची बंदी होती, कारण त्यांची जात तेव्हा 'अस्पृश्य' मानली जायची. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल तर कोरड्या घशाने घरी जायचं. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे.

कोकणात महाड गावी चवदार तळं आहे. तिथे कोणत्याही धर्माचा माणूस पाणी पिऊ शकत होता. गाई-म्हशीही पीत. फक्त 'अस्पृश्य' माणसांना मनाई. गंमत म्हणजे ही मनाई कायद्याची नव्हती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या विधिमंडळात 1923 सालीच झाला होता. तो रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडला होता. पाठोपाठ महाडच्या नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं केलं होतं. पण कागदावर! काठावर जायची हिंमत कोण करणार?

20 मार्च 1927 रोजी हजारो माणसं रांगेने तळ्याकडे चालत गेली. बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायले. मागोमाग बाकीचेही प्यायले. बस, एवढंच. ना दगड, ना काठी. तरी गावात भडका उडाला. हे लोक आता देवळातही शिरणार, अशी अफवा पसरली आणि परतणाऱ्यांवर हल्ले झाले. कित्येक जखमी झाले. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही.

पुढचा प्रकार तर तुमच्या विज्ञानाच्या बाईंना नक्की सांगा. तळं 'बाटलं' म्हणून ते 'शुद्ध' करायचं ठरलं. शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेली 108 मडकी मंत्र म्हणत तळ्यात बुडवली गेली! शेण कालवल्याने पाणी शुद्ध होतं की कसं, ते मी तुमच्यावरच सोडतो. मग खटला उभा राहिला. तो चालला तब्बल नऊ वर्षांहून जास्त. अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तळ्यावरचा सर्वांचा हक्क मान्य झाला.

आता कोडं सुटलं? पेटली ती माणसं. खाली मान घालून जगायचं नाही, ही ती आग. आपल्याकडे पाण्यावरून तंटा झाला की आजही 'पाणी पेटलं' म्हणतातच की. शाहिरांनी तशाच शब्दांत अख्खं महाड भरलं.

पण हे गाण्यात का सांगायचं? वर्तमानपत्रात छापायचं ना! छापलं होतंच, पण वाचणार कोण? ज्यांच्यासाठी ही बातमी होती, त्यातल्या बहुतेकांना शाळेचं दारच बंद होतं. गाणं मात्र एकदा ऐकलं की तोंडात बसतं, आणि कोरस असेल तर उशिरा आलेलाही सूर धरतो. वामनदादा कर्डक हे या गाण्यांतलं मोठं नाव. 1922 साली नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडी गावी ते जन्मले. लहानपणी शाळा मिळाली नाही. मोठेपणी मुंबईत अक्षरं गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचनाचा सराव केला. या माणसाने पुढे हजारो गाणी रचली!

पाण्याचा हा तंटा आपल्याच देशात होता असंही नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात पाणी प्यायचे नळ वेगवेगळे असत, गोऱ्यांचे निराळे आणि काळ्यांचे निराळे, वर तशा पाट्याही लावलेल्या. तिथले काळे लोक हक्कांसाठी रस्त्यावर उतरले तेव्हा 'वुई शॅल ओव्हरकम' हे गाणं म्हणायचे. शाळेत तुम्ही 'हम होंगे कामयाब' म्हणता ना? ते याच गाण्यावरून आलं. हिंदीत आणलं ते कवी गिरिजाकुमार माथुर यांनी. ते आपल्या मध्य प्रदेशातल्या अशोकनगरचे.

आता पुन्हा महाडच्या त्या ओंजळीकडे वळू. वही-पेन्सिल घ्या. मोठ्या माणसाच्या ओंजळीत साधारण 100 मिलिलिटर पाणी मावतं असं धरू. त्यात पाण्याचे रेणू किती? 33 लिहा आणि पुढे 23 शून्यं द्या. पृथ्वीवर सगळं मिळून पाणी किती लिटर? 14 वर 20 शून्यं. बाबासाहेब प्यायले ते पाणी घामातून, श्वासातून कधीच बाहेर पडलं असणार. ते ढगांत गेलं, पावसात आलं, समुद्रात मिळालं. समजा, ते जगभरच्या पाण्यात सारखं मिसळलं. मग तुमच्या 200 मिलिलिटरच्या पेल्यात, म्हणजे जलूदहून पंपाने इंदूरला चढवलेल्या नर्मदेच्या पाण्यात, त्या ओंजळीतले किती रेणू असतील? माझं उत्तर 470 च्या आसपास आलं. (समुद्र इतक्या लवकर सारखे मिसळत नाहीत, आणि रेणू आपापसात हायड्रोजनची अदलाबदल करत राहतात, असं एखादी चलाख ताई म्हणेल. तिचं बरोबर आहे. तिलाच पुढचा हिशोब करायला सांगा!) भागाकार करताना शून्यं मात्र बोट ठेवून मोजा.