टॅब्लेटच्या पोटातले सिम

उमराहला निघताना अम्मी एवढेच म्हणाली, "मदिन्याची अजान मला पाठव. झाल्याबरोबर." मी ती टॅब्लेटवर ध्वनिमुद्रित केली, पण पाठवणार कशी? वाय-फाय हॉटेलात आणि मी मशिदीच्या अंगणात. माझ्या टॅब्लेटला सिम घालायची जागाच नाही. सिम आहे, पण आत, कारखान्यातच बसवलेले. त्याला ई-सिम म्हणतात.

अ‍ॅपलने २०१४ साली आयपॅडसाठी निरनिराळ्या देशांत चालणारे स्वतःचे सिम आणले होते. १ ऑक्टोबर २०२२ पासून ते नव्याने सुरू करता येत नाही. आता कारभार ई-सिमचा. हे सिम म्हणजे कोरा कागद. आपण निवडलेल्या कंपनीची नोंद त्यावर इंटरनेटवरून उतरते. खरी मेख इथे आहे: इंटरनेट मिळवायला आधी इंटरनेट लागते! म्हणून त्या देशाचा डेटा प्लॅन घरच्या वाय-फायवर उतरवूनच विमानात बसावे. मी ते हॉटेलात परतल्यावर केले. काम पाच मिनिटांचे, चुटपुट दिवसभराची.

फोनमधल्या भारतीय सिमचे डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा, नाहीतर बिल प्रवासापेक्षा जास्त लक्षात राहील. ते सिम काढू नका. टॅब्लेटच्या डेटा प्लॅनला सहसा फोन नंबर नसतो; बँकेचा ओटीपी जुन्या नंबरवरच येणार.

दुसऱ्या दिवशी फजरची अजान अंगणातूनच पाठवली. अम्मीचा निरोप आला, "पुन्हा पाठव. पंखा चालू होता."