मुरघासाचे न दिसणारे कारागीर

दुबईत दूध वाळवंटातच निघतं, असं गावाकडे सांगितलं की लोक चटकन विश्वास ठेवत नाहीत. ऊद मेथात इंडिया क्लबच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांना मात्र त्याचं नवल उरलेलं नाही. अल ऐनची डेअरी 1981 ची, दुबईची अल रवाबी 1989 ची. होल्स्टिन गाई फवारे आणि पंख्यांखाली उभ्या असतात, चारा बराचसा समुद्रापलीकडून येतो. मी पशुखाद्याच्या धंद्यातला माणूस, त्यामुळे दुधाच्या आधी मला त्यामागचा चारा आठवतो. त्यातही मुरघास, आणि त्यात राबणारे जिवाणू.

हिरव्या मक्याची कुट्टी करून हवा न राहील अशी दाबली, की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्यातली साखर खातात. सामू चारच्या आसपास उतरतो आणि कुजणं थांबतं. हे जिवाणू पिकावर असतातच, पण त्यांच्याबरोबर नको ते सोबतीही असतात. म्हणून निवडक जिवाणूंचं कल्चर मारायचं, एक ग्रॅम चाऱ्याला निदान एक लाख जिवंत जिवाणू पडतील या हिशेबाने.

आम्लाच्या बाटल्या आणि नोबेल

आंबट चाऱ्याच्या अभ्यासाला नोबेल मिळालंय, हे सांगितलं की गोठ्यातली मंडळी खूश होतात. फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांनी हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्ल पातळ करून थेट हिरव्या चाऱ्यावर ओतलं. सामू चारच्या खाली गेला आणि चाऱ्यातली प्रथिनं वाचली. पद्धतीला त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून एआयव्ही म्हणू लागले. 1945 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पण शेतकऱ्याने शेतात असली जहाल आम्लं हाताळायची, हे काम जोखमीचंच. तेच काम करणारं आम्ल चाऱ्यातल्या चाऱ्यात तयार करून देणारे जिवाणू म्हणूनच मोलाचे.

नावडता जिवाणू कामाला आला

कल्चर निवडणाऱ्यांचा लाडका जिवाणू म्हणजे प्लँटॅरम. एका ग्लुकोजचे दोन लॅक्टिक आम्ल, काम झटपट आणि घट नगण्य. ब्युकनेरी नावाच्या दुसऱ्या जिवाणूकडे कुणी फारसं बघत नव्हतं, कारण तो ॲसेटिक आम्ल करतो आणि त्यात थोडा चारा घटतो. पण एक तक्रार पुन्हापुन्हा यायची: वासाला फर्मास असलेला मुरघास उघडला, की दुसऱ्या दिवशी हाताला गरम लागतो. हवा लागताच यीस्ट जागी होते, लॅक्टिक आम्लच खाऊन टाकते, आणि मग बुरशीला रान मोकळं.

त्या यीस्टला ॲसेटिक आम्ल आवरतं. मग नव्वदच्या दशकात संशोधक ब्युकनेरीकडे वळले. तो लॅक्टिक आम्लाचंच ॲसेटिक आम्ल कसं करतो, हे नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी 2001 मध्ये दाखवून दिलं. दुबई असो की सोलापूर, उन्हाच्या मुलखात खरी परीक्षा मुरघासाची बॅग उघडल्यावरच असते. तिथे हा मागे पडलेला गडी उपयोगी पडतो. मात्र त्याचं काम सावकाश चालतं. दीड-दोन महिने बॅग बंद राहिली तरच त्याचा गुण दिसतो. तीन आठवड्यांत बॅग फोडणाऱ्याने त्याचे पैसे मोजू नयेत.

टाकीतलं पाणी

उन्हाळ्यात आमच्याकडे दुबईत गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापतं, की थंड पाण्याचा नळ सोडला तरी हात पोळतो. घरोघरी गीझर बंद ठेवून त्यातलंच पाणी अंघोळीला घेतात. संगमनेरच्या भाच्याने फोन केला, तेव्हा मला हेच सुचलं.

“मामा, कल्चर मारूनही मुरघासाला घाण वास येतोय.”

“पाणी कुठलं घेतलंस?”

“गोठ्यावरच्या काळ्या टाकीतलं.”

“किती वाजता?”

“दुपारी दोनला. आणि पंपात उरलेलं दुसऱ्या दिवशी संपवलं.”

मे महिन्यातली काळी टाकी, त्यात कल्चरच्या पाकिटातले जिवंत जिवाणू. निम्मे तिथेच गेले असतील, उरलेले रात्रभरात. पुढच्या कापणीला त्याने सकाळी विहिरीचं पाणी काढलं, लागेल तेवढंच कल्चर कालवलं आणि कुट्टीवर फवारलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर तेही जिवाणूंना मारतं, हेही त्याला सांगून ठेवलं.

2018-19 च्या दुष्काळात बीड, नगर, सोलापूरकडे जनावरं छावणीत बांधावी लागली. अशा मुलखात बॅग नासली तर ती परत विकत मिळत नाही. म्हणून मी कळकळीने सांगतो: आधी मका चीक भरल्यावर कापा, कुट्टी एक-दोन सेंटीमीटरची करा, थर दाबून हवा काढा, तोंड घट्ट बांधा. कल्चर चांगल्या मुरघासाला अधिक चांगलं करतं. ओला गच्च किंवा सैल भरलेला मुरघास त्याने वाचत नाही. आणि पाकीट घेताना त्यात कोणता जिवाणू आहे, ग्रॅमला किती आहेत, तारीख काय, दुकानात थंड जागी ठेवलं होतं का, हे विचाराच. दहा शेतकऱ्यांनी हे विचारलं, तर अकराव्याच्या आधी दुकानदार ते पाकीट उन्हातून आत घेईल.