कामसू माणूस आणि कामाचं व्यसन

बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या फोपनारसारख्या गावात ‘कामसू’ म्हणवून घेणं ही माणसाची मोठी कमाई असते. केळीच्या बागेत पहाटेपासून राबणाऱ्यांना ‘कामाचं व्यसन’ हे शहरातल्या खुर्चीवाल्यांचं दुखणं वाटतं. तिथूनच गैरसमजांना सुरुवात होते.

गैरसमज: जास्त तास राबतो, म्हणजे त्याला कामाचं व्यसन आहे.

व्यसन तासांवर ठरत नाही. बऱ्हाणपुरात पॉवरलूमवर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार मजुरीसाठी उभा असतो. शेतीची वीज रात्री आली, तर शेतकरी रात्री पाणी भरतो. काम आटोपलं की दोघंही झोपतात. त्यांना ‘जरा आराम करा’ असं सांगणं म्हणजे त्यांच्या कष्टांचा अपमान आहे. त्यांना हवी वाढीव मजुरी आणि दिवसाची वीज.

व्यसन लागलेल्या माणसाला मात्र थांबायची मुभा असते, तरी तो थांबत नाही. जेवताना, लग्नघरात, आजारी मुलाच्या उशाशी बसूनही त्याच्या डोक्यात कामच चालू असतं. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये हे ओळखण्यासाठी सात प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. मनातली अपराधी भावना किंवा बेचैनी दडपायला काम करता का, काम बंद करायला लावलं तर अस्वस्थ होता का, घरच्यांनी सांगूनही ऐकत नाही का, असे ते प्रश्न आहेत. किती तास काम करता, याला त्यात महत्त्व नाही.

गैरसमज: तास वाढले की काम वाढतं.

आठवड्याला सत्तर-नव्वद तास काम करा, असा सल्ला अलीकडे मोठे उद्योजक देऊ लागले आहेत. पण पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासून अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कॅवेल यांनी दाखवलं, की 70 तासांत झालेलं काम 56 तासांतल्या कामापेक्षा फारसं जास्त नव्हतं.

गैरसमज: कामानं कुणी मरत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा 2021 चा अभ्यास वेगळं सांगतो. आठवड्याला 35-40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी, तर हृदयविकारानं मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो.

गैरसमज: सुटी हे साहेबांनी लावलेलं खूळ आहे.

हा गैरसमज मला सर्वांत जास्त खुपतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी कुणी खुशीनं दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्यानं, जोतीराव फुल्यांच्या सहकाऱ्यानं, 1884 मध्ये कामगारांना संघटित केलं आणि ‘दीनबंधु’ या वृत्तपत्रातून त्यांची बाजू मांडली. एप्रिल 1890 मध्ये मुंबईत कामगारांची मोठी सभा झाली. तीत स्त्री कामगारही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. विश्रांती हा आळस नसून हक्क आहे, हे आपल्याच माणसांनी मराठीतून भांडून सिद्ध केलं.

गैरसमज: मन घट्ट केलं की सवय सुटते.

एकट्याच्या निश्चयाला मर्यादा असतात. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामानं पार थकून जाण्याची, नोंद आजार म्हणून न करता कामाच्या ठिकाणच्या, हाताळल्या न गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली. म्हणजे मालक आणि साहेबांचंही उत्तरदायित्व आलंच. कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून मोकळं राहण्याचा हक्क फ्रान्समध्ये 2017 पासून कायद्यात आहे. खासदार सुप्रिया सुळे यांनी तसंच खासगी विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मांडलं होतं.

तसा कायदा होईपर्यंत घरात करता येण्यासारखं बरंच आहे. काम कधी थांबवायचं ती वेळ आधी ठरवावी आणि घरच्यांना सांगून ठेवावी, म्हणजे ती मोडली की कुणीतरी टोकेल. फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवावा. शेतीला रविवार नसतो हे खरं, पण भावाभावांत किंवा शेजाऱ्याशी पाण्याची पाळी लावून आठवड्यातला एक दिवस मोकळा काढता येतो. सुरुवातीला त्या रिकाम्या दिवशी जीव घाबरा होईल. ते व्यसन सुटतानाचं लक्षण आहे, आळशीपणाचं नव्हे. झोप उडाली, जेवण जाईनासं झालं, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही समुपदेशकाशी बोलता येतं.