युद्धातला ताण आणि घरातली मारहाण

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात फोर्ट ब्रॅग नावाचा मोठा लष्करी तळ आहे. २००२ सालच्या जून-जुलैमध्ये, सुमारे सहा आठवड्यांच्या काळात, या तळावरील चार सैनिकांनी आपापल्या पत्नीचा खून केला. त्यांपैकी तिघे अफगाणिस्तानच्या मोहिमेवर जाऊन आलेले होते. युद्धामुळे या माणसांची मने बिघडली आणि त्यातून हे घडले, असा निष्कर्ष अनेकांनी लगेच काढला. पण चौथा सैनिक अफगाणिस्तानात गेलेलाच नव्हता. लष्कराच्या चौकशी पथकाला या घरांमध्ये आधीपासूनचे वैवाहिक तंटे आढळले. मोहिमेमुळे होणाऱ्या ताटातुटीचा ताण त्यात मिसळला होता. शिवाय, मदत मागितली तर नोकरीवर गदा येईल या भीतीने सैनिक डॉक्टरांकडे जाणे टाळतात, हेही पथकाने नोंदवले.

मग युद्धात मनावर झालेला आघात आणि घरातली मारहाण यांचा संबंध आहे की नाही? असल्यास किती? या प्रश्नाच्या उत्तरावर दोन गोष्टी अवलंबून आहेत. संबंध नाकारला तर त्या घरातील स्त्रीच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष होते. तो फुगवून सांगितला तर प्रत्येक माजी सैनिकावर धोकादायक माणूस असा शिक्का बसतो आणि त्या भीतीने तो उपचारांपासून आणखी दूर जातो.

हा विकार म्हणजे काय?

पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतणारे काही सैनिक थरथर कापत, त्यांची वाचा जाई, झोप उडे. ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात अशा रुग्णांविषयी लिहिताना 'शेल शॉक' हा शब्द वापरला. तोफगोळ्यांच्या स्फोटांनी मज्जासंस्थेला इजा होत असावी, अशी तेव्हा समजूत होती. पुढे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या तक्रारींमुळे या विषयाला पुन्हा चालना मिळाली. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत सूचीत 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' या नावाने त्याचा समावेश केला. मराठीत आपण त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणू.

२०१३ च्या सुधारित सूचीत त्याच्या लक्षणांचे चार गट केले आहेत. पहिला, नको असताना तो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवणे, स्वप्नात दिसणे. दुसरा, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे. तिसरा, मन बधिर होणे, आप्तांविषयी परकेपणा वाटणे. चौथा, सतत सावध असणे, दचकणे, झोप न लागणे, रागाचा भडका उडणे. ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यांमुळे रोजचे जगणे अडले, तरच विकाराचे निदान करतात. भीषण प्रसंगानंतर चार दिवस झोप न लागणे हा विकार नव्हे.

रणांगणावरची सवय घरात

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने चौथा गट सर्वांत महत्त्वाचा आहे. धोका जाणवला की मेंदूतील बदामाच्या आकाराचा अमिग्डाला हा भाग क्षणार्धात इशारा देतो. अॅड्रिनॅलिन रक्तात येते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात. 'थांब, हा खरोखर धोका आहे का?' असा विचार करणारा कपाळामागचा मेंदूचा भाग जरा सावकाश काम करतो. रणांगणावर ही घाई जीव वाचवते. झाडीतील सळसळ वाऱ्याची की शत्रूची, याचा विचार करत बसणारा सैनिक वाचत नाही.

हीच यंत्रणा घरी परतल्यावरही चालूच राहिली तर? क्लॉड केमटॉब या मानसशास्त्रज्ञाने व्हिएतनामच्या माजी सैनिकांच्या रागाचा अभ्यास करून असे मांडले की, या विकारात माणूस जणू 'जीव वाचवण्याच्या पवित्र्यात' अडकून पडतो. मुलाच्या हातून ताट पडले, पत्नीने जरा वरच्या स्वरात काही विचारले, तरी मेंदू त्याचा अर्थ हल्ला असा लावतो आणि शरीर उत्तर देऊन मोकळे होते.

हे स्पष्टीकरण पटण्याजोगे असले तरी त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. घरातली हिंसा नेहमीच अशी अचानक उसळलेली नसते. पत्नीचे पैसे ताब्यात ठेवणे, तिला माहेरच्यांशी बोलू न देणे, धमकावत राहणे, हे दचकण्यातून घडत नाही. जो माणूस वरिष्ठासमोर राग गिळतो आणि घरी हात उगारतो, त्याच्या बाबतीत केवळ मेंदूतील इशाऱ्याकडे बोट दाखवून भागत नाही.

आकडे काय सांगतात?

अमेरिकन काँग्रेसच्या १९८३ च्या आदेशानुसार व्हिएतनामच्या माजी सैनिकांची एक राष्ट्रव्यापी पाहणी झाली. व्हिएतनाममध्ये प्रत्यक्ष सेवा केलेल्या पुरुषांपैकी १५.२ टक्क्यांना पाहणीच्या वेळी हा विकार होता. (लष्करी नोंदी ताडून केलेल्या २००६ च्या फेरतपासणीत हे प्रमाण ९.१ टक्के आले.) याच पाहणीत ३७६ सैनिकांच्या पत्नींशी वा जोडीदारांशीही बोलणे झाले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, विकार असलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्के पुरुषांनी मागील वर्षभरात जोडीदारावर हात उगारला होता. विकार नसलेल्यांत हे प्रमाण सुमारे साडेतेरा टक्के होते. म्हणजे प्रमाण जवळजवळ अडीचपट आहे. संबंध आहे हे उघड आहे.

पण हेच आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवेत. विकार असलेल्या तिघांपैकी दोघांनी हात उगारला नव्हता. आता एक साधे गणित करू. १००० माजी सैनिक घेतले, तर १५२ जणांना विकार असेल आणि ८४८ जणांना नसेल. १५२ चे ३३ टक्के म्हणजे सुमारे ५०. ८४८ चे साडेतेरा टक्के म्हणजे सुमारे ११४. मारहाण करणाऱ्या एकूण १६४ जणांपैकी ११४ जणांना, म्हणजे दर दहांतील सातांना, हा विकार नव्हताच! विकारामुळे धोका वाढतो हे खरे, पण तो नाहीसा झाला तरी मारहाणीचा मोठा भाग शिल्लकच राहील. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून हे गणित करून घेतल्यास चांगले लक्षात येईल.

२०११ साली ३१ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात विकाराची तीव्रता आणि जोडीदारावरील शारीरिक आक्रमकता यांचा सहसंबंध गुणांक ०.४२ आला. त्याचा वर्ग सुमारे ०.१८ होतो. म्हणजे माणसामाणसांतील आक्रमकतेच्या फरकापैकी सुमारे १८ टक्के फरकाचीच विकाराच्या तीव्रतेशी सांगड बसते. उरलेल्याची कारणे अन्यत्र शोधावी लागतात.

सहसंबंध आणि कारण

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. लहानपणी घरात मार खाल्लेला मुलगा पुढे सैनिक होतो. आधीच्या जखमेमुळे त्याला युद्धाचा आघात अधिक जाणवण्याची शक्यता असते, आणि मारहाणही तो घरातच पाहून शिकलेला असतो. अशा वेळी विकार आणि हिंसा ही एकाच मुळाची दोन फळे ठरतात. घरातील भांडणांमुळे विकार चिघळतो, अशी उलटी दिशाही शक्य आहे.

हा गुंता सोडवायला ब्रिटनमधील एका अभ्यासाने मदत केली. २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे १४ हजार सैनिकांची माहिती पोलीसदप्तरी असलेल्या गुन्ह्यांच्या नोंदींशी जोडून पाहिली होती. त्यात घरातलीच नव्हे, तर सर्व प्रकारची हिंसा मोजली होती. केवळ इराक-अफगाणिस्तानला पाठवले गेल्याने हिंसक गुन्ह्यांचा धोका वाढलेला दिसला नाही. प्रत्यक्ष लढाईचे काम केलेल्यांत तो सुमारे दीडपट होता. परतल्यानंतर हा विकार जडलेल्यांत तो दुपटीहून थोडा अधिक होता, आणि अतिरेकी मद्यपान करणाऱ्यांतही जवळजवळ तितकाच. विकाराच्या लक्षणांपैकी सतत सावध राहण्याचा गट हिंसेशी सर्वाधिक जोडलेला होता. तरुण वय, कनिष्ठ हुद्दा आणि भरतीपूर्वीची हिंसक नोंद यांचाही वाटा होता.

दारूचा मुद्दा विशेष ध्यानात ठेवावा. झोप लागावी, आठवणी बुजाव्यात म्हणून हे रुग्ण पिऊ लागतात. पण विचार करून थांबवणारा मेंदूचा जो भाग आधीच दुबळा पडलेला असतो, त्यालाच दारू आणखी सैल करते.

उपाय कोठे?

कारणांची साखळी कळली की ती कोठे तोडता येईल हेही कळते. बॉस्टन येथील मानसशास्त्रज्ञ केसी टाफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माजी सैनिकांसाठी बारा आठवड्यांचा गटोपचार तयार केला. समोरच्याच्या वागण्याचा अर्थ आपण धोका असा का लावतो हे ओळखणे, राग चढू लागताच तेथून बाजूला होणे, मनातले शब्दांत सांगणे, हे त्यात शिकवतात. केलेल्या हिंसेची जबाबदारी घेणे हाही त्याचा पाया आहे. १३५ पुरुषांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत तसे गट केले होते. हा उपचार घेतलेल्यांची शारीरिक आणि मानसिक हिंसा दुसऱ्या गटापेक्षा अधिक कमी झाली. आपल्या अर्थ लावण्याच्या सवयी बदलता येत असतील, तर 'माझा इलाज नव्हता' हे म्हणणे तितकेसे टिकत नाही.

आघात केवळ सैनिकाला होतो असेही नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, युद्धातून परतलेला सैनिक आणि घरात सतत मार खाणारी स्त्री यांच्यात एकाच प्रकारची लक्षणे आढळतात. तीही दचकते, तिचीही झोप उडते. तेव्हा नवऱ्याच्या आजाराची कीव करून तिने सोसत राहावे, हा सल्ला एका रुग्णाच्या जागी दोन रुग्ण तयार करणारा आहे. उपचार त्याला आणि संरक्षण तिला, दोन्ही एकाच वेळी मिळाले पाहिजे.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडील अनेक शाळांत सैनिकांची मुले शिकतात. अमेरिकन टक्केवारी त्यांच्या घरांना लावण्याची चूक करू नये. व्हिएतनाममध्ये लढलेल्यांत सक्तीने भरती केलेले तरुण मोठ्या संख्येने होते, आपले सैन्य स्वेच्छेने भरती झालेल्यांचे आहे. मात्र एखादे मूल मोठ्या आवाजाला दचकत असेल, घरी जायला टाळत असेल, अंगावरचे वळ लपवत असेल, तर वडील कोणत्या नोकरीत आहेत हे न पाहता शिक्षकाने त्याची दखल घ्यावी. मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१ आणि मानसिक आरोग्याविषयीच्या मदतीसाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. ते शिक्षकांच्या खोलीत लावून ठेवावेत.